म्हशीचं गाणं आणि आमचा खर्जवाला

दोन महिन्यांपूर्वी कॉलेजातल्या एक प्राध्यापक बाई माझ्याकडे आल्या होत्या. जिल्ह्यातल्या जुन्या गाणाऱ्या मंडळींवर त्या पुस्तक करतायत. त्यात आमच्या चौघांवर सात-आठ पानं असणार होती. त्यांनी विचारलं तेवढं मी सांगितलं, आणि विचारलं नाही तेही सांगितलं. माझ्या वयात आपल्याबद्दल कोणी विचारायला आलं की माणूस थांबत नाही. उठता उठता त्यांनी विचारलं, "सर, तुमचे खर्जात गाणारे मधेच सोडून गेले म्हणतात. ते का?"

मी म्हणालो, "दारू."

हा शब्द मी तेहतीस वर्षं उच्चारतो आहे. तो तोंडातून यायला मला विचार करावा लागत नाही. बाईंनी मान हलवली, थोडं वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि वहीत लिहून घेतलं. त्यांचं अक्षर मोठं आहे, मला समोरून उलटंही वाचता आलं.

आमचा खर्जवाला दारू पीत नव्हता. आयुष्यात कधीच प्यायला नाही. त्याच्याबद्दल हे खोटं मी पसरवलं, आणि आता ते पुस्तकात छापून येणार होतं. तो नऊ वर्षांपूर्वी गेला. त्याच्या नावावर हा डाग राहतो की निघतो, हे आता माझ्यावर आहे. म्हणून मी ही पानं लिहून बाईंना देतो आहे.

आम्ही चौघं कोण होतो ते आधी सांगतो.

मी आर्णीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेत मास्तर होतो. शाळेपासून पाव कोसावर बंजाऱ्यांचा तांडा. गावातली पोरं आणि तांड्यावरची पोरं एकाच शाळेत. गुरुवारी देवळात भजन असायचं आणि तिथे आमची ओळख पक्की झाली. एक टेलर होता, त्याचा आवाज इतका बारीक की पडद्यामागून गायला तर लोक बाई समजत. एक एसटीतला कंडक्टर, तो तोंडाने तबला वाजवायचा. गाल फुगवून, जीभ आपटून असा वाजवायचा की काठावरची चाटी आणि आतलं मैदान वेगळं ऐकू यावं. आणि तांड्यावरचा तो. तो आमच्या गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसवर कामाला होता. बोलायचा कमी. गायला लागला की आवाज पोटाच्याही खालून यायचा. तसा खर्ज मी नंतर कुठे ऐकला नाही.

देवळाची पेटी होती. एका गुरुवारी भजन संपल्यावर टेलरने त्या पेटीवर सरपंचाच्या नव्या मोटरसायकलीचं गाणं सुरू केलं. आम्ही हसून हसून लोळत होतो, तेवढ्यात देवळाचे म्हातारे पंच काठी टेकत आत आले.

"ही देवाची पेटी हाय का तमाशाची? हसाले कायले उघडली?"

त्यांनी पेटी बंद केली, तिच्या खोक्याला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून निघून गेले. टेलर म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ. पेटी त्याईची, तोंड तं आपलं हाय." आणि त्याने तोंडानेच पेटी वाजवायला सुरुवात केली. त्या पेटीच्या भात्याला भोक होतं, दर चौथ्या सुराला ती फुस्स करायची. टेलर तेही करून दाखवायचा. कंडक्टरने तबला धरला, मी शब्द जोडले, आणि कोपऱ्यात बसलेल्या त्याने पहिल्यांदा ते "ढूं… ढूं ढूं" दिलं. आमचं पहिलं गाणं ते. देवाची पेटी रुसते आणि कुलपात बसून भजन म्हणते, असं काहीतरी. वाद्याशिवाय गायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं. पंचांनी पेटीला कुलूप घातलं म्हणून आम्ही तसे झालो.

सराव जिनिंगमध्ये चालायचा. हंगाम संपला की जिनिंग बंद, आणि बंद काळात राखणीला तो एकटा. किल्ल्या त्याच्याकडे. कापूस भरलेल्या शेडमध्ये गाता येत नाही. कापूस आवाज पिऊन टाकतो, दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही हाक पोचत नाही. पण शेड रिकामी झाली की आवाज छपराच्या टिनावर जाऊन परत खाली यायचा. तो आम्हाला हाताने धरून उभं करायचा. टेलरला दाराजवळ, कंडक्टरला खांबाला पाठ लावून, मला मधोमध. मग स्वतः दूर जाऊन डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "मास्तर, दोन पावलं मांगं या. तुमचा आवाज टेलरच्या डोक्यावर पडून राह्यला." त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणता आवाज कुठून यावा, कोणी कधी थांबावं, कोणी कोणाच्या खालून जावं, हे सगळं त्याचं होतं. प्राध्यापक बाईंच्या टिपणात "गीत, संगीत आणि रचना" यापुढे माझं नाव आहे. शब्द माझे होते. रचना त्याची.

तेरा-चौदा वर्षं आम्ही फिरलो. लग्नात दोन पंगतींच्या मधे लोकांना थोपवून धरायचं असे, तेव्हा आम्हाला उभं करत. मग शारदोत्सवात बोलावणी यायला लागली, गावोगावच्या गणपतीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. चढावर बंद पडलेल्या एसटीचं गाणं होतं, त्यात कंडक्टर घंटी मारायचा आणि खर्जवाला इंजिन व्हायचा. रॉकेलच्या रांगेचं होतं. लग्नातल्या व्हिडिओवाल्याचं होतं. नागपूरच्या रेडिओवर आवाज तपासायला बोलावलं तेव्हा तिथले साहेब आमच्या मागे दारापर्यंत पाहून आले आणि म्हणाले, "वाद्यं कुठे आहेत?"

टेलर म्हणाला, "पोटात हाय साहेब. काढून दाखवू?"

साहेबांकडच्या फॉर्मवर आमच्यासाठी रकाना नव्हता. शेवटी त्यांनी ग्रामीण विनोदात टाकलं. पुढे यवतमाळच्या एका दुकानदाराने आमची कॅसेट काढली. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या एका खोलीत, पंखा बंद करून, दोन दिवस. कॅसेटचं नाव पडलं म्हशीच्या गाण्यावरून, आणि आम्ही जन्मभर म्हशीवाले झालो.

त्या गाण्याबद्दल आता सांगतो.

आमच्या खर्जवाल्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघते तेव्हा घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून ती ढावलो गाते. नुसतं रडणं नसतं ते. चाल ठरलेली असते, म्हाताऱ्या बाया पंधरा-पंधरा दिवस आधी मुलीला ती शिकवतात. आई, बाप, भाऊ, मैत्रिणी, प्रत्येकाला वेगळं सांगायचं असतं. लग्नाला मी होतो, पण जेवून लवकर निघालो, ढावलो ऐकायला थांबलो नाही. आठ-दहा दिवसांनी जिनिंगमध्ये तो झाडू मारत होता आणि तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत होता. सूर वर चढायचा, मधेच मोडायचा, हुंदका आल्यासारखा अर्धा थांबून खाली यायचा.

"हे काय होय बे?"

"ढावलो. बहीण म्हनत होती ना, जातानी."

"पुन्हा म्हन."

त्याने म्हटलं. तो जो मोडायचा सूर होता, तो ऐकून माझ्या डोक्यात काय आलं ते मी लपवत नाही. मला म्हैस दिसली. बाजारात विकलेली, दाव्याला ओढून धरलेली, जायला तयार नसलेली म्हैस. ती खुंट्याचा निरोप घेते, गव्हाणीचा घेते, शेजारच्या कुत्र्याचा घेते, आणि प्रत्येक वेळी हुंदक्याच्या जागी हंबरते. मी तिथेच दोन कडवी केली. टेलरने हंबरून दाखवलं आणि कंडक्टर खाली बसला, त्याला उभं राहवेना.

तो झाडू धरून उभा होता.

"मास्तर, हे हसाचं नाई. हे रडाचं हाय."

मी म्हणालो, "अबे, म्हैस बी रडूनच राह्यली ना?"

"तसं नाई…"

"चालीले काय होते? चाल का कोनाच्या सातबाऱ्यावर चढली हाय?"

त्याने वर टिनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं…" आणि जागेवर जाऊन उभा राहिला. त्याची मुलगी तेव्हा माझ्या वर्गात तिसरीत होती. मी तिचा मास्तर होतो, तांड्यावर माझ्या शब्दाला वजन होतं. त्या "तुमी म्हनता तं" मध्ये ते सगळं होतं, आणि मला ते ऐकू आलं होतं.

गाणं चाललं. चाललं म्हणजे असं चाललं की बँडवाले वरातीत ते वाजवायला लागले आणि बैलबाजारात दलाल म्हैस दाखवताना ते गुणगुणायचे. स्टेजवर निवेदक विचारायचा, "मास्तर, ही चाल सुचली कशी?" मी सांगायचो की मी सायकलवर शाळेत जात होतो, चेन कुरकुरत होती, त्या कुरकुरीतून चाल निघाली. हात फिरवून, पायडल मारून दाखवायचो. लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या मागे दोन पावलांवर तो उभा असायचा. एकदाही त्याने तोंड उघडलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या कार्यक्रमात मी ते गाणं पोरांकडून बसवून घेतलं. म्हैस त्याच्या मुलीला केलं. काळं लुगडं गुंडाळून, कणकेची शिंगं लावून. ती झकास हंबरली. तांड्यावरच्या बाया समोर बसल्या होत्या, त्यांच्यातल्या काहींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतायत.

ती मुलगी एकोणीस वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं, महागावकडच्या एका तांड्यावर. मला पुढच्या ओळीत खुर्ची दिली होती. निघायची वेळ झाली. तिने आईच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला, तो नीट पार पडला. मग ती बापाकडे आली. त्याच्या गळ्यात हात टाकले, सूर वर नेला, आणि सूर जिथे मोडतो तिथे मागून कोणीतरी हंबरलं. हळूच, टेलरच्या ढंगात. पोरं फिस्सकन हसली. मीही हसलो. मला त्या क्षणी काय वाटलं तेही लिहितो. मला वाटलं, बघा, आपलं गाणं इथवर पोचलं.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीच जागा आली आणि या वेळी ती स्वतःच हसली. बापाच्या खांद्यात तोंड खुपसून ती हसत होती, आणि हसू आवरत नव्हतं म्हणून रडत होती. ढावल्यात हसलेली नवरी कोणी पाहिली नव्हती. वराकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एका म्हातारीने तिचा हात धरून तिला बाजूला केलं. ढावलो अर्धाच राहिला. तो तसाच उभा होता, हात अजून मिठीत असल्यासारखे पुढे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याने तो माझ्या घरी आला. ओसरीवर बसला नाही.

"मास्तर, ते गानं आता नका म्हनू."

"कोनतं?"

"तुमाले मालूम हाय."

दहा दिवसांवर पांढरकवड्याला कार्यक्रम होता. त्या गाण्याशिवाय आम्हाला कोणी बोलावत नव्हतं हे मला माहीत होतं. मी त्याला खूप समजावलं. लोक विसरतील म्हणालो, पोरीचं चांगलं होईल म्हणालो, शेवटी म्हणालो, "एका गान्यासाठी चौदा वर्षांची दोस्ती मोडतं का?"

तो म्हणाला, "तुमी मोडून राह्यले." आणि गेला. आवाज चढवला नाही.

पांढरकवड्याला आम्ही तिघंच गेलो. गाणं खाली जमीनच नसल्यासारखं झालं. कार्यक्रमानंतर पानठेल्यावर तिथल्या मंडळाच्या माणसाने विचारलं, "तुमचा तो ढूंवाला काहून नाई आला?"

मी चुना मळत होतो. मी म्हणालो, "काय सांगू भाऊ. पिऊन पडला."

पहिल्यांदा म्हटलं ते तिथे. तो माणूस च् च् करत म्हणाला, "कलाकाराचं असंच असते राजेहो." आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला सहानुभूती मिळाली. कोणी पुढे काही विचारलं नाही. तांड्यावरचा माणूस आणि दारू, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की कोणी पुरावा मागत नाही. मला हे माहीत होतं. मी सहज बोललो नव्हतो, तो शब्द मी निवडला होता. आजारी आहे म्हणू शकलो असतो. भांडण झालं म्हणू शकलो असतो. पण मग कोणीतरी विचारलं असतं की भांडण कशावरून.

टेलर आणि कंडक्टर दोघांनी ते ऐकलं. परतीच्या बसमध्ये टेलर एवढंच म्हणाला, "मास्तर, तो तं चहाही बिनसाखरेचा पेते बाप्पा." कंडक्टर खिडकीबाहेर बघत होता. नंतर जो विचारेल त्याला मी तेच सांगत गेलो. एका लग्नात जिनिंगच्या मालकाने विचारलं, त्यालाही सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात राखणीला दुसरा माणूस आला. बेवड्याच्या हातात किल्ल्या कोण देईल? तो माझ्याकडे जाब विचारायला आला नाही. बायकोला घेऊन हैदराबादकडे बांधकामावर गेला, आणि वयाची साठी उलटल्यावर परत आला. आम्ही तिघं दोन वर्षं कसेबसे गायलो, मग कोणी बोलवेना. तो गेला तेव्हा मी अंत्यविधीला गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तेव्हा चांगला होता.

बाई येऊन गेल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. मग फोन केला आणि सांगितलं की म्हशीच्या गाण्याची चाल माझी नव्हे, ती तांड्यावरच्या ढावल्याची आहे, आणि सायकलची गोष्ट खोटी. बाई एकदम हळव्या झाल्या. "सर, तुम्ही किती मनमोकळे आहात! या वयात असं कबूल करायला धैर्य लागतं." मला फार बरं वाटलं. मी दारूबद्दल काही बोललो नाही. एवढी मोठी कबुली दिल्यावर तेवढं पोटात राहिलं तर चालेल, असा मी मनाशी हिशेब केला. चालीची कबुली देताना मी चांगला दिसत होतो. दुसरी दिली असती तर दिसलो नसतो.

तेवढ्यावर न थांबता मी ठरवलं की त्याच्या मुलीलाही भेटून चालीबद्दल माफी मागावी. महागावची बस पकडली, पुढे ऑटोने तांड्यावर उतरलो. ती अंगणवाडीत सेविका आहे, बावन्नची झाली, केस पांढरे झालेत. अंगणात बसून तुरीची डाळ पाखडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"गुर्जी? तुमी? या, सावलीत बसा."

पाणी दिलं. मी तयार केलेलं सगळं बोललो. चाल, तिच्या आत्याचं लग्न, सायकल, कणकेची शिंगं, निघणारं पुस्तक. ती सूप हलवत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "चालीचं काय घेऊन बसले गुर्जी. ढावलो सगळ्या तांड्यांचा हाय. तुमी घेतला, लोकं हसले, मीई हसली. लहानपनी शिंगं लावून नाचली होती, आंगातच बसलं होतं ते. आता तं पोरी ढावलो म्हनतबी नाईत, डीजे असते."

मी सुटल्यासारखा श्वास सोडला. तिने सूप खाली ठेवलं.

"बा दारू पेत होता का?"

मी पाण्याचा पेला उचलला.

"तुमी चौदा वर्षं संग फिरले त्याच्या. पेत होता का? हाव म्हना, नाई तं नाई म्हना."

"नाई."

"मले मालूम हाय. तुमाले मालूम हाय का ते पाहून राह्यली होती." ती उठून उभी राहिली. "लग्नात हसली ना मी, तं सासूनं पहिल्या दिवसापासून धरलं. अशी कशी नवरी म्हने. मंग एक दिवस बाजारातून आयकून आली का बाप दारुड्या हाय, गान्यावाल्या मास्तरनंच सांगतलं. मंग झालंच. भाजी खारट झाली तरी दारुड्याची पोरगी. बा भेटाले यायचा तं ही त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगायची, सगळ्यांसमोर. दोनदा हुंगलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाई. माह्या घरी माहा बा एक डाव जेवला नाई गुर्जी."

तिने घराच्या दाराकडे हात केला.

"बाहेर मले सांगून काय करता? ती हाय ना आतमधी. चला, तिले सांगा."

आत खाटेवर सासू बसली होती. पंच्याऐंशी-नव्वदची असेल, हातात अजून पांढऱ्या बांगड्या. कमी ऐकू येतं. सून तिच्या कानाशी ओरडली, "बापाच्या संगचे मास्तर आले! म्हशीच्या गान्यावाले!"

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मरून नाई गेला का हा?"

मी म्हणालो, "हिचा बाप दारू पीत नव्हता."

"काय म्हनते?"

"मोठ्यानं बोला गुर्जी," सून म्हणाली. "गाताना तं चांगला मोठा आवाज होता तुमचा."

मी ओरडून म्हणालो. हिचा बाप दारू पीत नव्हता! कधीच नाही! बाहेर नळावर बायांचं बोलणं चाललं होतं ते थांबलं.

"तुले कोनं सांगतलं होतं मंग का पेते म्हून?"

"कोनी नाही. मीच सांगत होतो. खोटं."

"काहून?"

मी मास्तर होतो, जन्मभर दुसऱ्यांना 'का?' विचारत आलो. मी म्हणालो, तो आमचं गाणं सोडून गेला होता. चूक माझी होती. लोक मला विचारतील म्हणून मी त्याच्यावर ढकललं. हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं, तुकड्या-तुकड्यांनी, कारण म्हातारी मधेच "काय?" म्हणायची आणि मला वाक्य पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. हळू आवाजात सांगता आलं असतं तर मी ते जरा बरं करून सांगितलं असतं.

म्हातारी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी एकलीच नाई बोलली हिले. माहा पोरगाबी बोलला. तो वावरातून येऊ दे. त्याले सांगून मंगच जाय."

सुनेकडे तिने पाहिलं नाही. सूनही तिच्याजवळ गेली नाही, बाहेर जाऊन पुन्हा डाळ पाखडायला बसली. मी आतच बसून राहिलो. तीन तास. मधे मला चहा आला, तो सुनेने आणला नाही, शेजारची एक बाई देऊन गेली.

मुलगा पाच वाजता आला. फवारणीचा पंप पाठीवर होता. त्याने हातपाय धुतले, मी त्याला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही. तो छपन्न वर्षांचा माणूस, त्याने टॉवेलने हात पुसता पुसता ऐकलं, मग बायकोला त्यांच्या बोलीत काही विचारलं. तिने एका शब्दात उत्तर दिलं. मला ते कळलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याने गाडी काढली आणि मला फाट्यावर सोडलं. मी उतरल्यावर म्हणाला, "पुस्तक निंगून राह्यलं म्हने तुमचं."

"हो."

"त्याच्यात काय येते?"

"खरं ते येईल."

"मंग आलं का टपालानं नका पाठवू. तुमी सोता घेऊन या. वाचून दाखवा तिले, आमच्यासमोर."

घरी येऊन मी बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. या वेळी त्या धैर्याबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मग मी दारूचं वाक्य काढून टाकते. वैयक्तिक कारणामुळे गट सोडला, असं करू. कोणालाच त्रास नको."

मी नाही म्हणालो. वाक्य काढलं तर लोकांच्या कानात आहे ते तसंच राहील, आणि माझं नाव स्वच्छ राहील. तेव्हा बाई, तुम्ही असं छापा.

आमच्या गटात खर्ज गाणारा माणूस कधीही दारू प्यायला नाही. त्याने गट सोडला, कारण त्याच्या घरातल्या रडण्याचं आम्ही हसणं केलं आणि थांबवा म्हटल्यावर मी थांबवलं नाही. तो पितो ही गोष्ट मी रचली. ती मी पांढरकवड्याच्या पानठेल्यावर सांगितली, जिनिंगच्या मालकाला सांगितली, आर्णीच्या बसस्टँडवर सांगितली, आमच्या देवळाच्या ओट्यावर कितीदा सांगितली त्याची गणती नाही, शाळेत बदलून आलेल्या नव्या मास्तरांना सांगितली, माझ्या बायकोला सांगितली. ती हे खरं मानूनच गेली. आणखी जागा असतील, मला आठवत नाहीत. ज्यांनी ऐकलं असेल त्यांना आठवेल.